वस्तरा दीडशेचा, दगड साडेअकराशेचा

माझी दाढी राठ आहे. आमच्या घरात सगळ्यांचीच तशी, अण्णांची तर अजून. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये स्टोअरला लागलो तेव्हापासून मी रेझरची ती तीन-चार पात्यांची काडतुसं वापरत होतो, आणि त्याच्यावर किती जातात ते कधी मोजलं नव्हतं. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर पगार आला, सतरा हजार, त्यातले नऊ घरात आणि अडीच गाडीच्या हप्त्याला, मग उरलेल्याचा हिशेब वहीत मांडत बसलो तर काडतुसांचा आकडा बघून गप्पच झालो. एक काडतूस मला जेमतेम पाच दाढ्या देतं, सहाव्या दाढीला केस ओढायला लागतं. आणि एवढं करून मानेवर कायम पुटकुळ्या. डॉक्टरांनी सांगितलं की जास्त पाती असली की पहिलं पातं केस वर ओढतं आणि मागचं त्याला कातडीच्या खालून कापतं, मग तो केस बाहेर न येता आतल्या आत वळतो आणि तिथं फोड येतो, तेव्हा एक पातं वापरा.

आता खरं सांगायचं तर एक पातं पाहिजे आणि पैसे पण वाचवायचेत तर सगळ्यात स्वस्त म्हणजे आपला जुना ब्लेडचा रेझर, अण्णा चाळीस वर्षं तोच वापरतात, ब्लेड दोन-तीन रुपयाला मिळतं. नुसते पैसेच वाचवायचे असतील तर तेवढं करा आणि पुढचं वाचू नका, मी पण दोन महिने तेच केलं, पुटकुळ्या निम्म्या झाल्या. पण वस्तऱ्याचं डोक्यात लहानपणापासून होतं. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला सलून आहे, त्या मामांकडं मी बालवाडीत असताना दोन-तीन म्हातारी गिऱ्हाईकं यायची, ब्लेडला अजिबात तयार नसायची, त्यांच्यासाठी मामा खुर्चीला अडकवलेल्या पट्ट्यावर वस्तरा मारायचे, सर्र-सट, सर्र-सट, तो आवाज गल्लीत यायचा आणि मी दारात उभा राहून ऐकायचो. नंतर ती म्हातारी गेली, एड्सच्या भीतीनं प्रत्येक गिऱ्हाईकाला नवीन ब्लेड हा नियमच झाला (आणि तो बरोबरच आहे, दुकानात तसंच पाहिजे), मामांच्या हातात अर्धं ब्लेड तोडून घालायचा उस्तरा आला आणि पट्टा खुर्चीवरनं निघाला.

तर मी ठरवलं की वस्तराच शिकायचा, पण एका महिन्यात पाचशेच्या वर खर्च करायचा नाही.

पहिली चूक इथंच झाली. नवीन चांगला वस्तरा म्हणजे आठ-दहा हजारांच्या पुढं, ते शक्यच नव्हतं, म्हणून मोबाईलवर शोधून एक साडेचारशेचा मागवला. चकचकीत, लाकडी दांडी, वर नक्षी, सोबत रेक्झिनची पिशवी. आल्या दिवशी लई खूश होतो. दुसऱ्या दिवशी कामावर घेऊन गेलो आणि सर्फेस प्लेटवर (सपाटी तपासायची एकदम सपाट प्लेट) आडवा ठेवला तर तो डुगडुगला. म्हणजे काय, तर वस्तऱ्याची पाठ आणि धार ह्या दोन्ही एकाच वेळी सपाटीला टेकल्या पाहिजेत, ह्याची पाठच वाकडी. आमच्या मिस्त्रींनी एक फाईल, म्हणजे कानस, घेऊन पाठीवर हलकी घासली, फाईल अशी चावली की जणू साधी पट्टी आहे. म्हणाले, पोरा ह्याला हार्डनिंगच नाही, ह्याला तू धार लावशील आणि ती संध्याकाळपर्यंत पडेल. तरी मी तीन आठवडे त्याच्याशी झटलो, कारण साडेचारशे गेल्याचं मन मानत नव्हतं. शेवटी तो आईनं खाकी टेप लावलेले खोके उघडायला घेतला.

त्यातनं एक गोष्ट मात्र कळली, आणि ज्यांना कमी पैशात हे सुरू करायचंय त्यांना मी हीच आधी सांगतो: नवीन स्वस्त वस्तऱ्यापेक्षा जुना खराब दिसणारा वस्तरा कधीही बरा. जुना म्हणजे जो न्हाव्यांनी खरोखर वापरलेला असतो, त्याचं पोलाद चांगलं असतं, फक्त वर गंज असतो.

लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजाराच्या कडेला जुनं सामान घेऊन बसतात, कुलपं, नळाच्या तोट्या, पाने, अडकित्ते, बिनकाट्याची घड्याळं. चार रविवार हिंडलो. वस्तरे तीन दिसले. पहिल्याच्या धारेला मध्ये खांड पडलेली, तांदळाच्या दाण्याएवढी, ती काढायची तर सगळं पातं तेवढं झिजवावं लागतं, सोडला. दुसऱ्याची धार मध्ये आत गेलेली, दोन्ही टोकं पुढं, वर्षानुवर्षं चुकीच्या दगडावर घासल्यानं असं होतं, तो पण सोडला. तिसरा एका आजोबांकडं पोत्यावर पडलेला, तपकिरी गंजानं माखलेला, दांडी काळी, पण उघडून धारेवरनं नजर टाकली तर रेष सरळ होती आणि गंज पाठीकडं जास्त, धारेकडं कमी. हे महत्त्वाचं आहे, धारेजवळ गंजानं खड्डे पडले असतील तर दगडावर घेतल्यावर ती तिथंच तुटत राहते. आजोबा तीनशे म्हणाले, मी शंभर, दीडशेवर तुटलं.

घरी येऊन रॉकेलमध्ये रात्रभर ठेवला. सकाळी वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, घेऊन बसलो, नंबर वाढेल तसा तो बारीक, आधी 400 नंबर, मग 800, मग 1500, सगळं हातानं, लांबीच्या दिशेनं, धारेकडं बोट न नेता. कंपनीत बफिंग मशीन आहे, पाच मिनिटांत चकाकला असता, पण पातं धारेपाशी कागदासारखं पातळ असतं, बफवर ते क्षणात तापतं आणि निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं म्हणून समजा, मग तो वस्तरा कायमचा गेला. दोन संध्याकाळी गेल्या. गंजाखालनं मागच्या भागावर अर्धवट पुसलेली अक्षरं निघाली, सोलिंगेन. हे जर्मनीतलं पात्यांचं गाव, आणि 1938 सालापासून हे नाव कायद्यानं राखलेलं आहे, दुसऱ्या गावच्या मालावर लावता येत नाही. अर्थात नकली शिक्के पण असतात, म्हणून मी अक्षरांवर न जाता परत मिस्त्रींकडं नेला. ह्या खेपेला फाईल पाठीवरनं घसरली, नुसती काचेवरनं घसरावी तशी. ते म्हणाले, हं, हे पोलाद.

मग व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं कॅलिपर) लावला. पाठीची जाडी 4.6 मिलीमीटर, पाठीपासून धारेपर्यंत रुंदी 16 मिलीमीटर. आता ह्यात जी गंमत आहे ती मला फार आवडते. चाकूला धार लावताना कोन आपल्याला हातानं धरावा लागतो आणि तिथंच सगळे चुकतात, पण वस्तऱ्याला पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवून आडवाच ठेवायचा असतो, म्हणजे कोन पाठीच्या जाडीनंच ठरतो. ह्या मापांचा हिशेब केला तर धारेचा कोन साडेसोळा अंशांच्या आसपास येतो. ज्या कोणी तो घडवला त्यानं कोन तेव्हाच आत घालून ठेवलाय, आपण फक्त वस्तरा उचलायचा नाही एवढं सांभाळायचं. मला तर त्या माणसाबद्दल आदरच वाटला.

दुसऱ्यानं वापरलेली वस्तू आहे म्हणून सगळी घासाघाशी झाल्यावर सर्जिकल स्पिरीटनं दोनदा पुसला, दांडीच्या आतली फट पण काडीला कापूस लावून. दांडी उकळत्या पाण्यात घालू नका, वाकते.

पट्ट्याचं म्हणाल तर आपण कोल्हापुरात राहतो, आपल्याला पट्ट्यासाठी बाहेर बघायची गरजच नाही. बाहेर तयार पट्टा दीड-दोन हजाराला आहे. पट्ट्याला लागतं ते झाडपाल्यावर कमावलेलं कातडं, क्रोमवर कमावलेलं मऊ सोफ्याचं किंवा बॅगेचं नाही, ते ताणलं की लांबतं आणि धार गोल करतं. आणि आपली कोल्हापुरी चप्पल ज्या कातड्याची होते ते बाभळीच्या साली आणि हिरड्यातच कमावतात. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, तेव्हा ह्या कमावण्याचं बरंच छापून आलं होतं, पण माझ्या डोक्यात तेव्हा दाढी नव्हती. आधी चप्पल लाईनला विचारलं, तिथं तयार माल, म्हणून सुभाषनगरात एका कारागीर काकांकडं गेलो.

ते रापीनं तळ कापत बसले होते. म्हटलं काका, तीन इंच रुंद आणि वीस इंच लांब पट्टा पाहिजे, दाढीच्या वस्तऱ्यासाठी. त्यांनी रापी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. "वस्तऱ्याला? अजून कोण वापरतंय?" मी म्हटलं मी शिकतोय. मग त्यांनी दोन-तीन कातडी उलटीपालटी केली, एक जाड होतं ते बाजूला टाकलं, "हे तळाचं, म्हशीचं, हे नको, दगडासारखं हाय, हे वरच्या पट्ट्याचं घे," आणि कातड्यावरनं तळवा फिरवत फिरवत एक जागा धरली जिथं डाग नाही, सुरकुती नाही, शिर नाही. तिथनं एका दमात सरळ पट्टा काढला, पट्टी न लावता. घरी येऊन मोजला, वीस इंचात एक मिलीमीटरचा फरक नव्हता. एकशेवीस रुपये घेतले. वर एक सांगितलं की तेल पाजू नको, तळहातानं रोज घास, हाताचा ओलावा बास होतो. मी घरी बाटलीच्या बुडानं तासभर घोटला आणि त्यानंतर रोज रात्री तळहातानं, आठवड्यात तो असा झाला की हात लावला की सोडावासा वाटेना.

पट्ट्याच्या आधी कापडावर मारायचं असतं, त्याला बाहेर तागाचं का कसलं महाग कापड देतात. मी माळ्यावरच्या जुन्या खाटेची नवार आठवून बाजारातनं नवी सुती नवार तीस रुपयाची आणली, धुऊन खळ काढली, इस्त्री केली. उत्तम चालते.

आता धार. इथं माझं सगळ्यात जास्त चुकलं आणि सगळ्यात जास्त वेळ गेला.

धार लावायचा दगड महाग म्हणून मी ठरवलं होतं की दगडाशिवाय भागवायचं. फोटो फ्रेमवाल्याकडनं आठ मिलीमीटर जाड काचेचा तुकडा आणला, कडा घासून घेतलेला, चाळीस रुपये. काच एकदम सपाट असते, त्यावर पाणी मारून वॉटर पेपर चिकटवला की झाला दगड. 1000 नंबरवर सुरुवात, पाठीला वायरमनची काळी टेप लावून, म्हणजे पाठ झिजत नाही. धारेच्या दोन्ही बाजूंना परमनंट मार्करनं काळं करायचं, चार हात मारायचे आणि बघायचं काळं कुठनं गेलं, जिथं राहिलं तिथं कागद पोचलाच नाही. टोकाकडचं काळं जाता जाईना, दोन संध्याकाळी तेवढ्यावर गेल्या. मग कळलं की पातं पूर्ण सरळ नसतं, हलकं हसलेलं असतं, म्हणजे मध्ये किंचित पुढं आलेलं, त्यामुळं सरळ ढकलायचं नाही तर ढकलता ढकलता बाहेर ओढत न्यायचं, मुठीकडनं सुरू करून टोकावर संपवायचं. हे हाताला कळलं तेव्हा काळं सगळीकडनं एकदम पुसलं गेलं. त्या रात्री झोप लागली नाही, खरंच.

1000 वरनं 2000. मग कंपनीत स्टीलला पॉलिश करायची हिरवी वडी असते, क्रोमियम ऑक्साईडची, तिचा पडलेला तुकडा मिस्त्रींनी दिला, तो एका लाकडी फळीवर चिकटवलेल्या कातड्याला घासला आणि त्यावर वस्तरा मारला. हातावरचे केस उडाले. मला वाटलं झालं! रविवारी सकाळी गालाला लावला आणि डोळ्यांत पाणी आलं, असा ओढला. गाल लाल, दोन ठिकाणी रक्त, अर्धा गाल करून सोडला.

चूक कुठं आहे ते मला पंधरा दिवस कळलं नाही. गुजरीत माझ्या शाळेतल्या मित्राचं सोन्याचं दुकान आहे, त्याच्याकडं ते डोळ्याला लावायचं दहापट भिंग असतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना गेलो आणि वस्तरा त्या भिंगातनं बघितला. बघितल्यावर सगळं लख्ख कळलं. धारेची उतरण म्हणजे नांगरलेलं रान दिसत होतं, आडवे खोल चर, 2000 च्या कागदाचे, आणि हिरव्या वडीनं त्या चरांच्या फक्त वरच्या कडा चमकवल्या होत्या. धारेच्या टोकाला ते चर येऊन मिळतात तिथं करवतीसारखे दाते. हातावरचा केस मऊ, तो कापला जातो, दाढीचा राठ केस त्या दात्यांत अडकतो. मधल्या पायऱ्याच मी गाळल्या होत्या. 2000 आणि हिरव्या वडीच्या मध्ये दोन पायऱ्या पाहिजेत, त्या माझ्याकडच्या वॉटर पेपरनं होत नाहीत, त्याला बारीक दगड लागतो.

डिसेंबर पूर्ण थांबलो. जानेवारीच्या पगारात 3000 आणि 8000 अशा दोन बाजूंचा दगड घेतला, अकराशे पन्नास. एवढी रक्कम एका दगडाला देताना हात थरथरला होता, आईला तर आठवडाभर सांगितलं नाही. पण आज मी ठामपणे सांगतो की ह्या सगळ्यात पैसे घालायचे असतील तर इथंच घाला. वस्तरा दीडशेचा चालतो, पट्टा एकशेवीसचा चालतो, काच चाळीसची चालते, ह्या एका जागी स्वस्तात भागत नाही. नवीन दगड सुद्धा एकदम सपाट असेलच असं नाही, म्हणून त्यावर पेन्सिलीनं चौकटी काढल्या आणि काचेवरच्या वॉटर पेपरवर सगळ्या रेषा जाईपर्यंत घासला.

3000 वर ऐंशी हात, 8000 वर शंभर, शेवटचे वीस नुसत्या वस्तऱ्याच्या वजनावर. 8000 वर एक गोष्ट होते ती सांगतो. आधी पाणी धारेच्या पुढं ढकललं जातं, आणि धार बरोबर यायला लागली की पाण्याचा पातळ पापुद्रा धारेवर चढतो, वस्तरा पाण्याखाली शिरतो. हाताला दगड जरा धरल्यासारखा वाटतो. परत गुजरीत जाऊन बघितलं तर रान नाहीसं, आरसा.

तरी पट्टा राहिलाच होता, आणि तो मामांकडनं शिकलो. मामा आता सत्तरीच्या पुढं, दुकान मुलगा बघतो, सोमवारी दुकान बंद असतं तेव्हा ते दार अर्धं उघडून आत पेपर वाचत बसतात. वस्तरा नेऊन दिला. त्यांनी उघडला, उजेडाकडं धार धरून बघितली, अंगठ्याच्या मांसल भागावर आडवी टेकवून किंचित हलवली.

"कोणाचा ह्यो?"

"माझा मामा, लक्ष्मीपुरीत घेतला."

"आणि धार कुणी लावली?"

"मी."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "पट्टा कसा मारतोस दाखव."

मी पट्टा खुर्चीच्या दांडीला अडकवला आणि मारायला लागलो, यूट्यूबवर बघितल्यासारखा भराभर. तिसऱ्या हाताला कातड्यात खच्चकन गेला. एक इंचाची चीर. माझा चेहराच पडला, कारण सुभाषनगरच्या काकांनी निवडून दिलेला तो पट्टा. मामा रागावले नाहीत. म्हणाले, "घाई कुणी सांगितलीया? गिऱ्हाईक थांबलंय काय?" मग स्वतः उठून माझ्यामागं उभे राहिले. दगडावर धार पुढं असते आणि पट्ट्यावर पाठ पुढं, धार मागनं फरफटत यायची, हे मला माहीत होतं, पण वळवताना मी धारेवरनं वळवत होतो. "पाठ सोडायची न्हाय. पाठ कातड्यावर ठेव, तिच्यावरच उलटा कर, कूस बदलल्यागत. आधी थांब, मग उलटव, मग चाल." आणि मनगट न हलवता फक्त बोटांत दांडी फिरवायची. पट्टा ताठ धरायचा पण ओढायचा नाही, वजन द्यायचं नाही.

मग ते परत खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि मला मारायला सांगितलं. मी मारतोय आणि ते डोळे मिटून सांगतायत, "आता टोक उचललंस." खरंच उचललं होतं. "आता दाबलंस." खरंच दाबलं होतं. चाळीस वर्षं तो आवाज कानात बसलेला माणूस, त्याला बघायची गरजच नाही. दीड तास तेवढंच केलं. जाताना म्हणाले, "नवारीवर वीस, कातड्यावर साठ. रोज. दाढी करायच्या आधी. आणि पहिला महिना नुसते गालच कर, हनुवटीला जाऊ नको." पट्ट्याची चीर घरी येऊन वॉटर पेपरनं घासली, पुसट खूण अजून आहे.

पहिली खरी दाढी फेब्रुवारीत झाली, शनिवारी रात्री, म्हणजे घाई नको. आंघोळीनंतर. गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन मिनिटं गालावर, मग ब्रशनं फेस, तो पण पातळ नाही, शेंडा उभा राहील असा. वस्तरा धरायचा तो मुठीला नाही, पात्याच्या मागं जो दांडा असतो त्यावर तीन बोटं वर, अंगठा खाली, करंगळी मागच्या शेपटावर, आणि दांडी वर उघडी. दुसऱ्या हातानं कानाजवळची कातडी वर ताणायची, हे ताणणं म्हणजे अर्धं काम. पाठ गालापासून अंदाजे तीस अंश, पाठीच्या दोन जाडीएवढी फट. जास्त उभा केला की कापतो, जास्त आडवा केला की ओढतो.

पहिल्या हाताला आवाज आला. काडतुसाला कधी आवाज नसतो म्हणून माहीतच नव्हतं, राठ केस कापले जाताना बारीक चरचर येते, वाळलेल्या पातीवरनं नख फिरवावं तशी. कल्ल्यापासून जबड्यापर्यंत एक पट्टा साफ झाला, ओढलं नाही, जळजळ नाही. मी हात फिरवून बघितला आणि तिथंच थांबून आईला हाक मारली. तिनं पण हात फिरवून बघितला, म्हणाली, "लहानपणी असा होता तुझा गाल." मग डावा गाल डाव्या हातानं करायचा असतो, तो भाग मी खूप हळू केला, पंचवीस मिनिटं लागली. खाली मान साध्या ब्लेडच्या रेझरनं. तुरटीचा खडा ओला करून सगळीकडं फिरवला, कुठं चुरचुरलं त्यावरनं कळतं कुठं जास्त दाबलंय. ती तुरटी दहा रुपयाची, अजून तीच चाललीय.

एक महिना गाल, दुसऱ्या महिन्यात मान. मानेला केसांची दिशा आधी बोटांनी चाचपून बघा, माझी डावीकडं खाली जाते आणि उजवीकडं चक्क आडवी. सुरुवातीला उलटा हात अजिबात मारू नका, सलूनमध्ये विचारतात ना "उलटा हात मारू का," तो मामांचा मुलगा मारतो कारण त्याचे रोज वीस चेहरे होतात. केसांच्या दिशेनं एकदा, परत फेस लावून आडवं एकदा, बास. मानेवरच्या पुटकुळ्या एप्रिलपर्यंत गेल्या, एखाददुसरी येते.

कापलं किती वेळा, तर मोजण्यासारखं तीन वेळा. एकदा मोबाईल वाजला म्हणून मान वळवली. त्या दिवसापासून मोबाईल बाहेर आणि मोरीला आतनं कडी. दुसरी गोष्ट, घरात लहान पोरं येत-जात असतील तर वस्तरा कुलपात ठेवा, आणि तो कोणालाही वापरायला देऊ नका, भाऊ असला तरी.

वर्षभरात चुकीच्या वस्तऱ्याचे साडेचारशे धरून 2,040 रुपये गेले, ते सोडून 1,590. महिन्याला पाचशेच्या आत बसवायचं ठरवलं होतं, ते दगडाच्या महिन्यात नाही बसलं. पण बाकीचं महिन्या-महिन्याला वाटून गेल्यामुळं अंगावर आलं नाही, आणि फेब्रुवारीपासून आजपर्यंत काडतूस किंवा नवीन काही घेतलेलं नाही. क्रीमची ट्यूब आणि मानेसाठीचे ब्लेड तेवढे लागले.

पावसाळ्यात मात्र डोळ्यात तेल घालून जपावं लागतं. जूनमध्ये एकदा नुसता पुसून मोरीतल्या फळीवर ठेवला होता, कार्बन स्टील ते, दोन दिवसांत पाठीजवळ नारिंगी ठिपके. आपल्याकडं जुलैत भिंतीला पाणी सुटतं तिथं लोखंड काय टिकणार. आता धुतल्यावर सुती फडक्यानं, मग नवारीवर कोरडे दहा हात, मग बोटाला शिलाई मशीनचं तेल लावून दोन्ही बाजूंना पुसट हात, आणि खोलीतल्या कपाटात. खोबरेल लावून बघितलं, थंडीत गोठतं आणि चिकट होतं. धार उतरायला लागली की कळतं, चरचरीचा आवाज जाड होतो, मग हिरव्या फळीवर दहा हात, त्यानं महिनाभर जातो. दगडावर आतापर्यंत दोनदाच परत घेतलाय.

हनुवटी अजून पूर्ण जमलेली नाही. खालच्या ओठाखाली जो खड्डा असतो तिथं पातं पूर्ण टेकत नाही, टोकानंच करावं लागतं, आणि डाव्या बाजूला जबड्याच्या वळणावर डाव्या हाताचा कोन कुठंतरी बदलतो. मागच्या सोमवारी मामांनी मला आरशासमोर उभं करून बघितलं आणि सांगितलं की तू कातडी वर ताणतोस, तिथं कानामागं ओढून घे, हाडावरनं कातडी सरकू दे, मग सपाट जागा मिळंल. शनिवारी तसं करून बघितलं. निम्मं झालं, उरलेलं रेझरनं केलं.